पडदा काळा का पडतो?

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला पोलादपूर तालुका आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. कर्ती माणसे पोटापाण्यासाठी मुंबईत आणि घरदार गावात, अशी येथील अनेक कुटुंबांची रीत. त्यामुळे कापडेसारख्या गावात सभागृहासाठी, शाळेसाठी किंवा उत्सवाच्या मंडपासाठी एखादे यंत्र घ्यायचे ठरले, की वर्गणी मुंबईत गोळा होते, खरेदी लॅमिंग्टन रोडवर होते आणि जुळणी गणपतीच्या वा शिमग्याच्या तोंडावर गावात होते. ध्वनिक्षेपक किंवा साधा रंगीत दूरचित्रवाणी संच नेण्याच्या काळात या पद्धतीत फारसा धोका नव्हता. डिजिटल चित्राच्या काळात मात्र तो आहे. सेट टॉप बॉक्स चांगला, प्रोजेक्टर नवा, वायर जाड आणि महागडी; पण सगळे एकत्र जोडले की पडदा काळा! दुकान जवळपास दोनशे किलोमीटर दूर आणि सण दुसऱ्या दिवशी.

अशा वेळी दोष एखाद्या यंत्रावर ढकलला जातो. प्रत्यक्षात अनेकदा एकही यंत्र बिघडलेले नसते. बिघडलेला असतो तो त्या यंत्रांमधील करार. या कराराचे नाव ‘हाय-बँडविड्थ डिजिटल कंटेंट प्रोटेक्शन’, म्हणजेच एचडीसीपी. दूरचित्रवाणी संच, प्रोजेक्टर, स्प्लिटर किंवा चित्र दूर नेणारे कोणतेही उपकरण घेण्यापूर्वी हा करार काय आहे, हे समजून घेणे शहरातील गृहनिर्माण सोसायटीच्या सभागृहालाही तितकेच आवश्यक आहे, जितके पोलादपूरच्या डोंगरातील गावाला.

नक्कल न झिजणारी झाली

व्हिडीओ कॅसेटच्या जमान्यात चित्राची वाटणी हा सोपा मामला होता. पिवळ्या पिनेची वायर एका संचातून दुसऱ्या संचात गेली की काम झाले. वाटे जितके अधिक, तितके चित्र फिके. एवढाच काय तो तोटा. नक्कल रोखण्याचे प्रयत्न तेव्हाही झाले. १९८०च्या दशकात आलेल्या ‘मॅक्रोव्हिजन’ या पद्धतीमुळे कॅसेटवरून कॅसेट करू गेल्यास चित्र उजळ-अंधूक होत राही. तरी त्या काळी चित्रपट कंपन्यांचे खरे संरक्षण कुलपात नव्हते, तर झिजेत होते. नकलेची नक्कल करत गेले की चित्र खराब होत जाई आणि चौथ्या-पाचव्या पिढीची कॅसेट पाहण्याजोगी राहत नसे.

डिजिटल चित्राने ही झीज संपवली. शंभरावी नक्कलही मूळ चित्रासारखीच निघू लागली. डीव्हीडीवर घातलेले कुलूप १९९९मध्ये फोडले गेले आणि चित्रपट उद्योगाची भीती खरी ठरली. त्यामुळे तबकडीवरच नव्हे, तर यंत्राकडून यंत्राकडे जाणाऱ्या वायरीतही कुलूप हवे, असा आग्रह धरला गेला. इंटेल कंपनीने विकसित केलेल्या एचडीसीपीची पहिली आवृत्ती २०००मध्ये आली. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी एचडीएमआय जोडणी डिसेंबर २००२मध्ये जाहीर झाली आणि हे कुलूप तिच्याबरोबर घरोघरी पोहोचले. त्याचे परवाने इंटेलचीच ‘डिजिटल कंटेंट प्रोटेक्शन’ ही उपकंपनी देते. परवाना घेणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला तिच्या अटी पाळाव्या लागतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वसामान्यांच्या दारात आला तो केबलच्या डिजिटलीकरणाबरोबर आणि डीटीएचच्या छत्र्यांबरोबर. मुंबईत केबलच्या डिजिटलीकरणाची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. ग्रामीण भागाचा समावेश असलेल्या चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. सेट टॉप बॉक्स अनिवार्य झाला, पुढे उच्च दर्जाच्या चित्राचा बॉक्स आला आणि त्याच्या मागच्या बाजूला पिवळ्या पिनेशेजारी एचडीएमआयचे चपटे सॉकेट दिसू लागले.

यंत्रांची ओळख पटवणी

एचडीसीपीचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी ओळखीची. चित्र पाठवणारे यंत्र समोरच्या यंत्राला विचारते, की तू परवानाधारक आहेस काय? जुन्या पद्धतीत प्रत्येक यंत्रात ४० गुप्त किल्ल्या साठवलेल्या असतात. दोन्ही यंत्रे आपापले क्रमांक एकमेकांना सांगतात आणि त्यावरून दोघेही स्वतंत्रपणे एक उत्तर काढतात. उत्तर जुळले तर ओळख पटली. दुसरी पायरी सांकेतिक रूपाची. ओळख पटल्यावर चित्र कूटरूपात पाठवले जाते आणि समोरचे यंत्र ते उलगडून दाखवते. तिसरी पायरी पहाऱ्याची. ही ओळख एकदा पटवून थांबत नाही. दर काही क्षणांनी ती पुन्हा तपासली जाते. तंत्रज्ञ या साऱ्याला ‘हँडशेक’ म्हणतात. यांपैकी एक पायरी चुकली तरी पाठवणारे यंत्र चित्र थांबवते. मग पडदा काळा होतो, पडद्यावर बर्फासारखे ठिपके नाचतात किंवा चित्र येऊन-जाऊन राहते.

हा करार वायरीत नसतो, हे येथे ध्यानात घ्यावे. ‘एचडीसीपीची वायर’ म्हणून अधिक पैसे मागितले जात असतील तर ते देण्याचे कारण नाही. कुलूप दोन टोकांच्या यंत्रांत असते. वायरीचे काम इतकेच, की त्यांच्यातील बोलणे अडखळू न देणे. मात्र हे बोलणे एचडीएमआयमधील ज्या बारीक तारांतून चालते, त्या लांब अंतरावर दम तोडतात. दहा-बारा मीटरपुढे साधी तांब्याची वायर भरवशाची राहत नाही आणि ४के चित्रासाठी ही मर्यादा आणखी अलीकडे येते.

डब्यावरचे ‘४के’ पुरेसे नाही

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती आवृत्तीच्या प्रश्नात. १०८० रेषांच्या चित्रासाठी एचडीसीपीची १.४ ही आवृत्ती दीर्घकाळ पुरेशी ठरली. ४के चित्रासाठी २.२ ही आवृत्ती आली आणि २०१८मध्ये २.३. या आवृत्त्या म्हणजे जुन्या कुलपाची दुरुस्ती नव्हे. कुलूपच निराळे आहे. त्यात यंत्राचे प्रमाणपत्र तपासले जाते, कूटपद्धती अधिक भक्कम आहे आणि समोरचे यंत्र खरोखर जवळच आहे ना, हेही पाहिले जाते. उत्तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत आले नाही तर ओळख नाकारली जाते. इंटरनेटवरून चित्र परगावी वळवण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

या नव्या पद्धतीत चित्राचे दोन वर्ग केले आहेत. एका वर्गातील चित्र जुन्या १.४च्या यंत्राला देता येते. दुसऱ्या वर्गातील, म्हणजे प्रामुख्याने ४के चित्रपट, जुन्या यंत्राला देण्यास सक्त मनाई असते. चित्राचा आकार कमी करून दिला तरी ही मनाई उठत नाही. प्रारंभीच्या काही ४के संचांना आणि स्प्लिटरना ४के चित्र दाखवता येत असे, पण २.२ची ओळख देता येत नसे. काही संचांत तीन-चार सॉकेटांपैकी एकच २.२ जाणणारे असे. जुनी वा वापरलेली यंत्रे घेताना म्हणूनच डब्यावरचा ‘४के’ हा शब्द पाहून समाधान मानू नये. प्रत्येक सॉकेटाची एचडीसीपी आवृत्ती माहितीपुस्तिकेत शोधावी.

वाटणी करणारा मध्यस्थ

एका बॉक्सचे चित्र चार पडद्यांवर नेणाऱ्या स्प्लिटरची भूमिका सर्वांत अवघड असते. तो बॉक्ससमोर ग्राहक असतो आणि पडद्यांसमोर विक्रेता. परवानाधारक स्प्लिटर आधी आपल्या पुढील प्रत्येक पडद्याची ओळख पटवतो, त्यांची यादी करतो आणि ती मागे बॉक्सकडे पाठवतो. बॉक्सला यादी मान्य झाली तरच चित्र सुटते. एचडीसीपीच्या १.४ आवृत्तीत अशा साखळीत जास्तीत जास्त १२७ यंत्रे आणि सात पातळ्या चालतात, २.२मध्ये ३२ यंत्रे आणि चार पातळ्या. हे कागदावरचे आकडे झाले. काही बॉक्स प्रत्यक्षात याहून फारच कमी यंत्रांची यादी स्वीकारतात. दोन पडद्यांवर उत्तम चाललेली रचना पाचवा पडदा जोडताच कोसळते, त्याचे एक कारण हे असते.

येथे आणखी एका संकल्पनेचा घोटाळा होतो. पडदा कोणत्या आकाराचे चित्र दाखवू शकतो, ही माहिती तो मागे पाठवत असतो. तिला ‘एडिड’ म्हणतात. तीन नवे ४के संच आणि एक जुना प्रोजेक्टर एकाच स्प्लिटरवर जोडला, की अनेक स्प्लिटर सर्वांत कमी क्षमतेच्या पडद्याला झेपेल तेच चित्र मागतात. मग नव्या संचांवरही कमी दर्जाचे चित्र दिसते. हा कुलपाचा दोष नव्हे, क्षमतेचा आहे. चित्र कमी दर्जाचे असेल तर एडिड आणि चित्र मुळीच नसेल तर एचडीसीपी, अशी ढोबळ खूण लक्षात ठेवता येते.

एका सभागृहाचा हिशेब

उदाहरणादाखल कापडे येथे दोनशे माणसे बसतील अशा सभागृहाची कल्पना करावी. व्यासपीठाशेजारी डीटीएचचा एचडी बॉक्स, मागच्या भिंतीवर २५ मीटरवर प्रोजेक्टर, दोन्ही बाजूंना एकेक दूरचित्रवाणी संच, शाळेने दिलेला एक जुना प्रोजेक्टर आणि कार्यक्रमाचे चित्रण करण्यासाठी एक रेकॉर्डर, एवढी मागणी आहे.

पहिला प्रश्न २५ मीटरचा. येथे साध्या एचडीएमआय वायरीचा उपयोग नाही. संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात तशा कॅट-६ वायरीवरून चित्र नेणारी ‘एचडीबेसटी’ प्रकारची जोडगोळी शंभर मीटरपर्यंत चालते आणि एचडीसीपीचा करारही सोबत नेते. दुसरा पर्याय प्रकाशतंतूंच्या एचडीएमआय वायरीचा. मात्र तिची दिशा ठरलेली असते, उलटी ओढली तर चित्र येत नाही. पाइपमध्ये घालण्यापूर्वी ती जमिनीवर पसरून तपासून घ्यावी. दोन्ही पर्यायांत एचडीसीपीची आवृत्ती बॉक्स आणि प्रोजेक्टर यांच्याशी जुळणारीच हवी.

दुसरा प्रश्न जुन्या प्रोजेक्टरचा. त्याला फक्त व्हीजीएचे निळे सॉकेट असेल तर तो या साखळीत बसत नाही. व्हीजीए हे ॲनालॉग माध्यम आहे आणि एचडीसीपी त्यातून वाहत नाही. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा परवानाधारक जोड कुलूपबंद चित्र नाकारतो. हा प्रोजेक्टर टाकाऊ नव्हे. शाळेतील धडे, छायाचित्रे आणि गावाने स्वतः केलेले चित्रण त्यावर निर्वेध चालते. त्याला डीटीएचच्या साखळीत ओढू नये, इतकेच.

तिसरा प्रश्न रेकॉर्डरचा. भजन, कीर्तन, शाळेचे स्नेहसंमेलन हे गावाचेच आहे, त्यावर कोणाचे कुलूप नाही. तरीही चित्रणाच्या वेळी अडचण येते, कारण काही लॅपटॉप समोर एचडीसीपी जाणणारे यंत्र दिसताच साधी छायाचित्रेही कूटरूपात पाठवू लागतात आणि रेकॉर्डर ती नाकारतो. चांगल्या स्विचरमध्ये प्रत्येक सॉकेटासाठी एचडीसीपी बंद ठेवण्याची सोय असते. ती वापरली की लॅपटॉप कुलूप न लावता चित्र देतो. कुलूपबंद चित्रपट मात्र त्या सॉकेटातून चालत नाही, आणि तसेच अपेक्षित आहे. सभागृहात चित्रण करायचे असेल तर ही सोय खरेदीच्या यादीत आधीच लिहावी.

पाऊस की कुलूप?

पोलादपूर परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डीटीएचच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, हे येथील प्रेक्षकांना ठाऊक आहे. साहजिकच पडदा काळा झाला की दोष आभाळाला दिला जातो. दोन्हींतील फरक ओळखणे कठीण नाही. पावसाने संकेत तुटला तर बॉक्स स्वतः पडद्यावर तशी सूचना देतो. सूचना दिसते याचाच अर्थ बॉक्सपासून पडद्यापर्यंतची साखळी शाबूत आहे. सूचनाही नसेल आणि पडदा पूर्ण काळा असेल, तर बॉक्स थेट एका संचाला दोन मीटरच्या वायरीने जोडावा. चित्र आले तर छत्री निर्दोष. घोटाळा मधल्या यंत्रांत आहे. मग एकेक यंत्र जोडत जावे. ज्या यंत्रापाशी चित्र जाते, तीच कमकुवत कडी. वीज जाऊन आल्यावर सगळी यंत्रे एकदम सुरू झाली तरीही ओळख पटवणी फसते. आधी पडदे, मग स्प्लिटर आणि शेवटी बॉक्स, या क्रमाने सुरू केल्यास बहुधा निभते. विजांच्या कडकडाटात एचडीएमआयची नाजूक सॉकेटे निकामी होऊ शकतात. त्यामुळे अर्थिंगचा खर्च वर्गणीतून वगळू नये.

स्वस्त पळवाट

बाजारात असेही स्वस्त स्प्लिटर मिळतात, जे बॉक्सला स्वतःच ‘मी परवानाधारक पडदा’ असे सांगतात, कुलूप उघडतात आणि पुढे उघडे चित्र वाटतात. ‘यावर काहीही चालते’ असे विक्रेता कानात सांगतो, ते याच गुणामुळे. सप्टेंबर २०१०मध्ये एचडीसीपीच्या जुन्या आवृत्तीची मूळ किल्ली इंटरनेटवर उघड झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. जुने कुलूप तेव्हापासून तांत्रिकदृष्ट्या अभेद्य राहिलेले नाही. तरीही या वाटेवर सार्वजनिक पैसा लावणे शहाणपणाचे नाही. एक तर एचडीसीपीमध्ये विशिष्ट यंत्रांची ओळख रद्द करण्याची तरतूद आहे. आज चालणारे यंत्र उद्या नाकारले जाऊ शकते आणि त्याची तक्रार कोठेही करता येत नाही. शिवाय प्रश्न कायद्याचाही आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. हेतूची अट असल्याने प्रत्येक वापर गुन्हा ठरतो असे नाही. पण आपला हेतू शुद्ध होता हे पटवत बसण्याची पाळी मंडळाच्या खजिनदारावर का यावी?

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. यंत्राने चित्र सोडले म्हणजे कायद्याने परवानगी दिली, असे होत नाही. घरगुती डीटीएच जोडणी घरासाठी असते. सभागृहात चित्रपट दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. प्रक्षेपण पैसे आकारून लोकांना दाखवले तर प्रक्षेपण संस्थेच्या हक्काचा भंग होतो, असे कॉपीराइट कायद्याचे कलम ३७ सांगते. चित्रपटांच्या अनधिकृत प्रदर्शनावरील शिक्षा सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीने अधिक कडक केल्या आहेत. बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम आणि सह्याद्री वाहिनी यांपुरतीच गरज असेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक शुल्क नाही आणि तिच्या साध्या बॉक्सच्या पिवळ्या पिनेतून निघणाऱ्या चित्रापुढे एचडीसीपीचा प्रश्नच उभा राहत नाही.

खरेदीपूर्वी

हे सारे लक्षात घेता ग्राहकाने यंत्रे न विकत घेता साखळी विकत घ्यावी. त्यासाठी आधी कागदावर आकृती काढावी: चित्र कोठून निघते, किती यंत्रांतून जाते, किती मीटर जाते आणि किती पडद्यांवर उतरते. प्रत्येक सॉकेटापुढे त्याची एचडीसीपी आवृत्ती लिहावी. ज्या रकान्यात उत्तर मिळत नाही ते यंत्र घेऊ नये. त्यानंतर सारी यंत्रे दुकानातच, जितकी लांब वायर प्रत्यक्षात लागणार तितक्याच वायरीने जोडून पाहावीत. केवळ चित्र आले म्हणून उठू नये. वाहिनी बदलावी, बॉक्स बंद करून चालू करावा, एक पडदा काढून पुन्हा लावावा आणि किमान पंधरा मिनिटे चित्र पाहावे. शक्य असल्यास गावातीलच बॉक्स दुकानात न्यावा. एचडीसीपीची आवृत्ती आणि न जुळल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. वस्तूची गुणवत्ता आणि मानके यांची माहिती मिळणे हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. दुकानदाराची मेहेरबानी नव्हे.

चोरांसाठी बनवलेल्या या कुलपाचा त्रास अनेकदा पैसे मोजून चित्र पाहणाऱ्यालाच होतो, ही तक्रार जगभर केली जाते आणि तिच्यात तथ्य आहे. चोर उघडी फाइल मिळवतो. त्याला ओळख पटवत बसावे लागत नाही. प्रामाणिक ग्राहकाला मात्र आपल्या प्रत्येक यंत्राचा दाखला द्यावा लागतो. हा अन्याय दूर होईल तेव्हा होईल. तोवर गावकीच्या वर्गणीतील पैसा वाचवण्याचा मार्ग एकच आहे: यंत्रांना परस्परांची ओळख पटते की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहणे. साखळीची ताकद तिच्या महागड्या कडीवर ठरत नाही, कमकुवत कडीवर ठरते; आणि ती कडी शोधण्याची जागा दुकान ही आहे, सणाच्या आदल्या रात्रीचे सभागृह नव्हे.